ज्या तारखेचा नकाशा, त्या तारखेचे गाव

परगावी माल आणावयास निघण्यापूर्वी वाट विचारून घ्यावी, हा व्यापाऱ्याचा जुना नेम आहे. आडत्याच्या पत्राच्या शेवटी स्टेशनपासून पेढीपर्यंतची खूण लिहिलेली असे आणि तेवढी खूण पुरेशी होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही विचारपूस माणसाकडून संगणकाकडे गेली. हा बदल प्रथम अमेरिकेत ठळकपणे जाणवला, आणि २००५ या एका वर्षात तर नकाशे दाखविणाऱ्या कंपन्यांची चुरस इतकी वाढली की दर दोन-तीन महिन्यांनी एक नवे नवल पडद्यावर येई. पाहणारा थक्क होई. त्या पहिल्या दर्शनात लोकांना काय दिसले आणि काय दिसावयाचे राहून गेले, हे समजण्यासाठी त्या काळातील काही गावांची सफर उद्बोधक ठरते.

लँकेस्टर : छापील नकाशा पडद्यावर

या सफरीचा पहिला मुक्काम पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर येथे करावा लागतो. शिकागोच्या आर. आर. डॉनेली या प्रसिद्ध छपाई कंपनीचा नकाशे तयार करणारा विभाग १९६९ पासून या गावी होता. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर मोटारवाल्यांना रस्त्यांचे घडीचे नकाशे मिळत. तसले नकाशे तयार करणे, हे या विभागाचे काम. १९९४ मध्ये हा विभाग 'जिओसिस्टिम्स' या नावाने स्वतंत्र झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत त्याने 'मॅपक्वेस्ट' ही सेवा इंटरनेटवर खुली केली.

मॅपक्वेस्टचा नकाशा म्हणजे पडद्याच्या मध्यभागी बसविलेले एक लहानसे चित्र होते. त्याच्या चारी बाजूंना बाण असत. पूर्वेकडचा भाग पाहावयाचा तर पूर्वेच्या बाणावर टिचकी मारावी. मग सबंध पान नाहीसे होई आणि थोड्या वेळाने नव्या चित्रासह परत येई. जवळून पाहण्यासाठी बाजूला शिडीसारख्या पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला पुन्हा तेवढीच प्रतीक्षा. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या मंद इंटरनेटवर हे काम धीराचे होते.

तरीही लोकांनी त्याचे स्वागत केले, कारण त्यात एक गोष्ट अपूर्व होती. निघण्याचा पत्ता आणि पोहोचण्याचा पत्ता लिहिला की वळणावळणाची यादी मिळे: इतके मैल सरळ, मग डावीकडे, मग इतके मैल. हा कागद छापून मोटारीत ठेवण्याची अमेरिकेत रीतच पडून गेली. त्याची उणीवही लवकरच ध्यानात आली. एखादे वळण चुकले की पुढची सारी यादी निरुपयोगी होई, कारण कागदाला आपण कोठे आहोत हे माहीत नसे. २००० मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने मॅपक्वेस्ट सुमारे १ अब्ज १० कोटी डॉलर किमतीला विकत घेतले, यावरून या व्यवहाराचे मोल बाजाराने किती मानले होते ते कळते.

सिडनी ते माउंटन व्ह्यू : हाताने ओढता येणारा नकाशा

दुसरा मुक्काम ऑस्ट्रेलियातील सिडनी. लार्स आणि येन्स रासमुसेन हे मूळचे डेन्मार्कचे दोघे बंधू, आणि नोएल गॉर्डन व स्टीफन मा हे त्यांचे सहकारी, अशा चौघांनी 'व्हेअर टू टेक्नॉलॉजीज' ही छोटी कंपनी काढली होती. त्यांनी तयार केलेला नकाशा संगणकात स्वतंत्रपणे बसवावा लागे. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील गूगलने ही कंपनी ऑक्टोबर २००४ मध्ये घेतली आणि तेच काम इंटरनेटच्या साध्या पानावर व्हावे, असे ठरविले. ८ फेब्रुवारी २००५ रोजी 'गूगल मॅप्स' लोकांसमोर आले.

पहिल्या दर्शनाचा आनंद येथे निराळा होता. नकाशा बाणांनी हलवावा लागत नसे. तो पकडून टेबलावरचा कागद सरकवावा तसा सरकविता येई. यामागची युक्ती समजण्यास सोपी आहे. सबंध नकाशाचे लहान लहान चौरस तुकडे आधीच तयार करून ठेवलेले असत. फरशी घालणारा गवंडी जशी एकाला एक लादी जोडून अंगण पुरे करतो, तसे हे तुकडे पडद्यावर जोडले जात; आणि पाहणाऱ्याने नकाशा सरकविला की नव्याने लागणारे तुकडेच तेवढे मागविले जात. पान नाहीसे होण्याचा प्रश्नच उरला नाही. शिवाय शोधण्यासाठी चौकट एकच होती. दुकानाचा प्रकार आणि गाव त्या एका ओळीत लिहिले, की नकाशावर लाल टाचण्या उमटत आणि खाली त्यांच्या पातळ सावल्याही दिसत.

ऑक्टोबर २००४ मध्येच गूगलने 'कीहोल' या आणखी एका कंपनीचा व्यवहारही आपल्याकडे घेतला होता. उपग्रह आणि विमाने यांनी घेतलेली भूमीची चित्रे एका फिरत्या गोलावर बसविणे, हे कीहोलचे कौशल्य. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकी दूरचित्रवाणीवर ते लोकांनी पाहिलेही होते. एप्रिल २००५ मध्ये ही चित्रे गूगल मॅप्समध्ये आली, आणि २८ जून २००५ रोजी 'गूगल अर्थ' विनामूल्य खुले झाले. अवकाशातून पृथ्वीचा गोल दिसावा, तो फिरवावा आणि तेथून एखाद्या घारीप्रमाणे खाली झेप घ्यावी, हा अनुभव सर्वसामान्य माणसाला त्यापूर्वी क्वचितच मिळाला होता. आणि नवल असे, की सारी पृथ्वी हाती आली असताना बहुतेकांनी आधी शोधले ते स्वतःच्या घराचे छप्पर.

क्यूपर्टिनो : नाहीसे झालेले कार्यालय

छप्पर सापडले की मनुष्य आणखी एक प्रश्न विचारतो: अंगणातली ही मोटार कोणाची? ती तर आपण केव्हाच विकली! हा प्रश्न थट्टेचा वाटला, तरी त्यातच सर्व विषयाचे मर्म आहे. आणि ते जगासमोर आणण्याचे काम जुलै २००५ मध्ये क्यूपर्टिनो या गावाने केले.

त्या महिन्याच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने आपली 'व्हर्च्युअल अर्थ' ही सेवा सुरू केली. गूगलशी बरोबरी करण्याची घाई उघड होती. पाहणाऱ्यांनी कुतूहलाने कॅलिफोर्नियातील क्यूपर्टिनो गाव काढले, आणि तेथे ॲपल कंपनीचे मुख्य कार्यालय दिसेना. त्या जागी वाहनतळ आणि गोदामासारखी एक इमारत तेवढी होती. मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रतिस्पर्ध्याला नकाशावरून पुसून टाकले, असा विनोद सर्वत्र झाला. कारण मात्र साधे होते. मायक्रोसॉफ्टने अमेरिकी सरकारच्या भूसर्वेक्षण खात्याची जुनी छायाचित्रे वापरली होती, आणि ती घेतली त्या वेळी ॲपलच्या इमारती उभ्याच राहिल्या नव्हत्या. न्यू यॉर्कमधील जुळे मनोरेही त्या चित्रात जसेच्या तसे होते. ११ सप्टेंबर २००१ ला पडलेले मनोरे २००५ च्या नव्या कोऱ्या सेवेत उभे पाहून अनेकांना गलबलून आले असल्यास नवल नाही.

यात कोणी खोटे बोलले नव्हते. छायाचित्र खरेच होते. केवळ त्याच्या कोपऱ्यात तारीख नव्हती. हिशेब ठेवणाऱ्याला ही गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. ताळेबंदाच्या माथ्यावर 'अमुक तारखेअखेर' हे शब्द नसतील, तर त्यातील प्रत्येक रक्कम खरी असूनही तो ताळेबंद निरुपयोगी ठरतो. २००५ मधील स्पर्धकांनी वेग, स्पष्टता, रंग, सोय या साऱ्यांचा विचार केला. तारीख मात्र पाहणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी सहसा आढळत नसे.

स्पर्धा पुढे चालूच राहिली. ॲमेझॉनच्या 'ए-नाइन' या सेवेने गाड्यांवर कॅमेरे बसवून अमेरिकी शहरांतील रस्त्यांवरच्या दुकानांची दर्शनी छायाचित्रे घेतली. दुकानाचा पत्ता शोधला की त्याची पाटीही दिसे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही कल्पना फार मोलाची होती, परंतु ए-नाइनने ती २००६ मध्ये सोडून दिली, आणि मे २००७ मध्ये गूगलने 'स्ट्रीट व्ह्यू' या नावाने त्याच वाटेने पाऊल टाकले. याहूने नोव्हेंबर २००५ मध्ये नवा नकाशा आणला. त्यात एका प्रवासात अनेक थांबे घालता येत. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००५ मध्ये तिरप्या कोनातून घेतलेली विमानातील चित्रे दाखविली. त्यांत छपराबरोबर इमारतीच्या भिंती, दारे आणि मजलेही दिसत. प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊ पाहत होता. या चढाओढीत जी गोष्ट मागे पडली होती, तिची किंमत न्यू ऑर्लिन्सने मोजली.

न्यू ऑर्लिन्स : पाण्याखालचे घर शोधताना

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या वळणात वसलेले जुने बंदर. उत्तरेस पाँचरट्रेन हे विस्तीर्ण सरोवर, दक्षिणेस नदी, आणि मधले शहर बशीसारखे खोलगट. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्याही खाली. पाणी बाहेर ठेवण्याचे काम बांध आणि कालव्यांच्या भिंती करीत. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना हे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. भिंती ठिकठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत तर इंडस्ट्रियल कालव्याची भिंत कोसळून आलेल्या लोंढ्याने घरे पायावरून उचलून नेली.

शहर सोडून गेलेले लाखो लोक ह्यूस्टन आणि इतर गावी निवाऱ्याला होते. शहरात परत जाण्यास मनाई होती. घर उभे आहे की नाही, म्हातारी माणसे मागे राहिली त्यांचे काय झाले, हे विचारावे तरी कोणाला? अशा वेळी या नव्या नकाशांनी जे काम केले, ते त्यांच्या निर्मात्यांच्याही मनात आले नसेल. अमेरिकेच्या सागर व वातावरणविषयक सरकारी संस्थेची, म्हणजे 'नोआ'ची, विमाने ३० ऑगस्टपासून शहरावरून छायाचित्रे घेऊ लागली. स्वयंसेवकांनी ती गूगल अर्थच्या गोलावर अचूक बसविण्यास आरंभ केला. गूगलनेही आपल्या नकाशावर वादळानंतरची चित्रे पाहण्याची सोय केली. ऑस्टिन शहरातील दोन तरुणांनी एक नकाशा असा मांडला, की त्यावर कोणीही टाचणी लावून लिहावे: या रस्त्यावर पाणी इतके आहे, हे घर कोरडे आहे, या पत्त्यावरील कुटुंबाची कोणाला खबर आहे काय?

निवाऱ्यातील लोक पडद्यासमोर येत, आपल्या गल्लीचे नाव सांगत आणि छपरे मोजत. दोन महिन्यांपूर्वी ज्या कौतुकाने लोकांनी आपले छप्पर शोधले होते, तेच छप्पर हे लोक जीव मुठीत धरून शोधत होते.

परंतु येथेही तारखेचा प्रश्न होता. पाणी उपसून शहर कोरडे करण्यास ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. मध्यंतरी २४ सप्टेंबरच्या सुमारास रिटा हे दुसरे वादळ आले आणि लोअर नाइन्थ वॉर्डात पाणी पुन्हा शिरले. त्यामुळे ३१ ऑगस्टचे चित्र पाहून सप्टेंबरअखेर घराविषयी काही ठरवावे, तर ते चुकण्याचा संभव होता. ज्या छायाचित्राखाली दिवस लिहिलेला असे, ते उपयोगी पडे. ज्या टाचणीवर 'काल सकाळी पाहिले' असे शब्द असत, तीवर माणूस विसंबे.

पुढची घटना अधिक विचार करावयास लावणारी आहे. सप्टेंबर २००६ मध्ये गूगलने आपल्या नकाशावर या भागाची वादळापूर्वीची चित्रे पुन्हा बसविली. ती अधिक स्पष्ट होती, एवढेच कारण कंपनीने नंतर दिले. वादळानंतरची चित्रे स्वतंत्र ठिकाणी पाहण्याची सोय होतीच. परंतु मुख्य नकाशावर पाहणाऱ्यास लोअर नाइन्थ वॉर्ड पुन्हा भरलेला दिसू लागला. प्रत्यक्षात जेथे रिकामे चौथरे होते, तेथे चित्रात घरे आणि झाडे होती. मार्च २००७ च्या अखेरीस वृत्तपत्रांनी ही गोष्ट उजेडात आणली. शहर पुन्हा उभे राहावे म्हणून मदत मागणाऱ्या लोकांच्या मनाला ती फार लागली, कारण चित्र पाहून जगाचा समज होई की तेथे काही घडलेच नाही. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीच्या अध्यक्षांनी गूगलला पत्र लिहून खुलासा मागितला. एप्रिलच्या आरंभीच २००६ मधील नवी आणि स्पष्ट चित्रे तेथे आली.

स्पष्ट चित्र आणि खरे चित्र यांतील अंतर इतक्या ठळकपणे क्वचितच कधी दिसले असेल. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल अर्थमध्ये जुनी चित्रे क्रमाने पाहण्याची सोय झाली. एक सरकपट्टी मागे न्यावी, तसे गाव मागे जाते: वादळापूर्वीचे न्यू ऑर्लिन्स, पाण्यातले न्यू ऑर्लिन्स, उजाड झालेले आणि मग हळूहळू भरणारे न्यू ऑर्लिन्स, प्रत्येक चित्रापाशी त्याची तारीख. जुन्या वह्या बांधून माळ्यावर जपून ठेवणाऱ्या घराण्यांना या सोयीचे मोल चटकन कळेल. मागचे पान फाडले नाही, तरच पुढच्या पानावर विश्वास बसतो.

काळबादेवी : छपराखालचा बाजार

आता ही सफर आपल्या परिचयाच्या भूमीवर आणता येईल. २००५ हे वर्ष भारतातही या विषयात महत्त्वाचे ठरले. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. मे २००५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केले आणि संरक्षणासाठीचे नकाशे व सर्वांसाठी खुले नकाशे अशा दोन मालिका केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी हैदराबाद येथे पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना, गूगल अर्थमधून संवेदनशील स्थळे कोणालाही दिसतात, याविषयी चिंता व्यक्त केली. अमेरिकेत लोक आपले छप्पर पाहून हरखले होते. येथे ते छप्पर आणखी कोण पाहत असेल, हा प्रश्न राष्ट्रपतींनी विचारला. दोन्ही प्रतिक्रिया आपापल्या जागी रास्त होत्या.

आणि छपरापलीकडची अडचण तर आपल्या बाजारपेठांतच दिसते. मुंबईतील काळबादेवीचा परिसर आकाशातून पाहावा. मूळजी जेठा मार्केटचे विस्तीर्ण छप्पर दिसते. परंतु त्या छपराखाली गल्ल्या आहेत, गल्ल्यांत गाळे आहेत, आणि कोणत्या गाळ्यात कोणती पेढी हे आकाशातून कळत नाही. झवेरी बाजारात एकाच इमारतीत तळमजल्यावर दुकान, वर कारखाना, त्याच्यावर दलालाची बैठक. रस्त्यांच्या नावांची तऱ्हाही निराळी. श्यामलदास गांधी मार्ग हे अधिकृत नाव; परंतु बाजारात आजही प्रिन्सेस स्ट्रीट म्हटल्याशिवाय अनेकांना उलगडा होत नाही. लँकेस्टरची रीत होती: अमुक क्रमांकाचे घर, अमुक नावाचा रस्ता. आपली रीत: अमक्याच्या समोर, तमक्याच्या मागे, कोणालाही विचारा.

अखेर नकाशांनाच ही रीत शिकावी लागली. गूगलच्या बंगळूरु येथील अभियंत्यांनी घडविलेले 'मॅप मेकर' हे साधन जून २००८ मध्ये आले, आणि काही आठवड्यांतच भारतातील लोकही आपापल्या गावचे रस्ते, शाळा आणि दुकाने स्वतः नकाशावर लिहू लागले. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने भारतासाठी वाट सांगण्याची भाषाच बदलली. रस्त्याच्या नावाबरोबर वाटेवरील खुणाही सांगितल्या जाऊ लागल्या, कारण येथील माणूस पेट्रोल पंप, देऊळ, रुग्णालय अशा खुणांवरून वाट धरतो, असे त्यांच्या पाहणीत दिसून आले होते. आडत्याच्या पत्राच्या शेवटी असणारी खूण अशा रीतीने पडद्यावर आली.

मात्र खुणेलाही तारीख असते. टॉकीज पडून तेथे व्यापारी संकुल उभे राहते, तरी चौकाला टॉकीजचेच नाव राहते. नवखा मनुष्य त्या टॉकीजच्या शोधात दोन फेऱ्या मारतो. माणसांच्या स्मरणातला नकाशादेखील अशा जुन्या नोंदींनी भरलेला असतो. फरक इतकाच, की माणसाला उलट विचारता येते.

आज हे नकाशे प्रत्येकाच्या खिशात आहेत आणि आता ते आपण कोठे आहोत हेही जाणतात. परंतु व्यापारी घराण्यांना त्यातील दोन गोष्टी आजही उपयोगी पडतील. पहिली, जागा किंवा गोदाम घेण्याच्या विचारात असताना पडद्यावरचे चित्र पाहिल्यास त्याची तारीखही पाहावी. गूगल अर्थमध्ये ती चित्राच्या तळाशी असते आणि स्ट्रीट व्ह्यूमध्ये महिना व वर्ष लिहिलेले असते. शेजारचा मोकळा भूखंड त्या तारखेला मोकळा होता, इतकेच त्यावरून सिद्ध होते. दुसरी, आपल्या पेढीची नकाशावरील नोंद वर्षातून एकदा तरी तपासावी. पेढी नव्या जागी गेली, वेळा बदलल्या, फोन बदलला, आणि नोंद तशीच राहिली, तर दूरच्या गावाहून आलेले गिऱ्हाईक बंद दारापाशी उभे राहते. तेथून ते बहुधा शेजारच्या दुकानात जाते. दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते, त्याच दिवशी ही नोंदही पाहून घ्यावी.